नऊ प्रिंटर आणि एक सही

कचेरीत त्याला सगळे खुंटी म्हणत. ज्याला जे टांगायचं असेल ते तो त्याच्यावर टांगून मोकळा व्हायचा. संगणक सुरू होत नाही, खुंटी. खुर्चीचं चाक निखळलं, खुंटी. खिडकीत पारव्यानं घरटं केलंय, साहेबांच्या मुलीला शाळेसाठी पानाचा उभा छेद रंगीत छापून हवाय, खुंटी. हे नाव कोणी पाडलं ते आता कोणाला आठवत नव्हतं, आणि त्याचं खरं नाव काय तेही कोणाला आठवत नव्हतं. पगाराच्या यादीत ते होतं, पण पगाराच्या यादीत माणूस स्वतःचंच नाव वाचतो.

कचेरी नकाशे काढून देणारी. जमिनींचे, रस्त्यांचे, जमिनीखालच्या नळांचे. सव्वीस वर्षांपूर्वी तो इथं लागला तो हातानं नकाशे गिरवायला. तिरकं टेबल, पातळ कागद, उजव्या हातात शाईचं पेन आणि डाव्या हातात चुकलेली रेघ खरवडायला ब्लेड. ब्लेड त्याला फारसं लागायचं नाही. मग संगणक आले, आणि एक दिवस कचेरीतल्या पहिल्यावहिल्या प्रिंटरमध्ये कागद अडकला. भोवती उभं राहून सगळे सल्ले देत होते. यानं खिशातून चिमटा काढला, यंत्राच्या पोटात कोपरापर्यंत हात घातला आणि नखाएवढा कपटा बाहेर काढून दाखवला. "तुम्हाला यातलं कळतं हो!" असं तेव्हाचे साहेब म्हणाले. एवढ्या एका वाक्यानं तो नकाशे गिरवणारा राहिला नाही, यंत्रवाला झाला. कौतुकानं माणसाचं किती नुकसान होऊ शकतं, हे त्याला उशिरा कळलं.

आता त्याच्या ताब्यात मागच्या खोलीतला एक सर्व्हर होता, चौतीस संगणक होते आणि नऊ प्रिंटर. प्रिंटर तो आवाजावरून ओळखायचा. जिन्याजवळची खोकली, पहिला कागद काढताना ढास लागल्यासारखी करायची. खिडकीजवळची रुसूबाई, दमट हवेत अडून बसायची. मोठे नकाशे छापणारं सात फुटी धूड म्हणजे आजोबा. आणि साहेबांच्या केबिनमध्ये एकट्या साहेबांसाठी ठेवलेली राणीसरकार. ती दिवसाकाठी चार कागद छापायची आणि सगळ्यांत जास्त नखरे करायची.

हे साहेब आताचे, मुख्य व्यवस्थापक. उंचपुरे, आवाज भारी, आणि निर्णय घ्यायची विलक्षण हौस. घेतलेला निर्णय मागे घ्यायची मात्र त्यांना ॲलर्जी होती. पाच वर्षांपूर्वी कोणीतरी कचेरीच्या कागदावर आपल्या पोराचा दीडशे पानी शाळेचा प्रकल्प छापला. तेव्हा साहेबांनी फर्मान काढलं, "यापुढे प्रत्येक कागदाला आपला बाप ठाऊक असला पाहिजे." म्हणजे काय, तर छापलेल्या प्रत्येक पानाच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ उमटायची: तारीख, वेळ, कोणी पाठवला, कोणत्या सर्व्हरमार्फत, कोणत्या प्रिंटरवर. खुंटीनं ती सोय सर्व्हरवर करून दिली. पहिले दोन महिने सगळ्यांनी ती ओळ धाकानं वाचली. मग डोळ्यांना तिची सवय झाली. घरातल्या भिंतीवरचा डाग जसा पाहुण्यालाच दिसतो, तशी ती ओळ आता फक्त परक्याला दिसणार होती.

तर एका सोमवारी सर्व्हरचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीचं पत्र आलं. पंधरा दिवसांनी तपासनीस येणार, त्याआधी लायसन्सची मोजणी करून ठेवा.

हा लायसन्सचा प्रकार साहेबांना दर वर्षी नव्यानं समजावून सांगावा लागे. खुंटीनं त्यासाठी विहिरीचा दाखला शोधून ठेवला होता. "साहेब, विहीर आपण घेतली. पण तिच्यावर पाणी भरणाऱ्या प्रत्येकाचा परवाना वेगळा. तो माणसामागे घ्यायचा की घागरीमागे, हे आपण ठरवायचं. आपण घागरीमागे घेतलाय."

घागरी म्हणजे यंत्रं. हा निर्णय साहेबांचाच, कचेरी दोन पाळ्यांत चालायची त्या काळातला. तेव्हा माणसं अठ्ठावन्न होती आणि संगणक चौतीस. एकाच खुर्चीत सकाळी एक बसायचा, दुपारी दुसरा. यंत्रं मोजणं शहाणपणाचं होतं. चौतीस संगणक आणि वर दोन, असे छत्तीस परवाने घेतले. पुढं दुसरी पाळी बंद झाली, माणसं उरली एकतीस, पण करारातल्या "यंत्रामागे" या चौकोनात साहेबांची खूण दर वर्षी न चुकता पडत राहिली. "माणसामागे करू या" अशी चिठ्ठी खुंटीनं दोनदा वर पाठवली होती. दोन्ही वेळा ती "चर्चा करावी" असा शेरा घेऊन फायलीत गेली, आणि चर्चा कोणी कोणाशी करावी ते शेऱ्यात नव्हतं.

"मग आपले छत्तीस आणि संगणक चौतीस," साहेब म्हणाले. "दोन शिल्लक. प्रश्न कुठे आहे?"

"प्रिंटर, साहेब."

"प्रिंटरचं काय?"

"तेही त्याच विहिरीवर येतात. सकाळी सुरू झाले की सर्व्हरकडून पत्ता घेतात, कागद सर्व्हरमार्फत घेतात, स्कॅन केलेलं सर्व्हरच्याच कपाटात ठेवतात. नऊ ते आणि दारावरचं हजेरीचं बोटयंत्र एक. चव्वेचाळीस होतात."

साहेबांनी चष्मा काढला. "खुंटी, प्रिंटर हा माणूस आहे का?"

"नाही साहेब. पण आपण माणसं मोजतच नाही."

या उत्तरात सगळं होतं. पण साहेबांना उत्तर ऐकायची सवय नव्हती, उत्तर संपायची वाट बघायची सवय होती.

दुसऱ्या दिवशी बैठक भरली. विषय होता, प्रिंटर सर्व्हर वापरतो असं म्हणता येईल काय. पावणेदोन तास चालली. एक म्हणाला, प्रिंटर वापरत नाही, वापरला जातो. दुसरा म्हणाला, मग आपणही नाही का वापरले जात? त्यावर काही क्षण कोणी कोणाकडे बघितलं नाही. नकाशेविभागाच्या प्रमुख ताई, खुंटीच्या बरोबरीनं लागलेल्या आणि तोंडानं फटकळ, म्हणाल्या, "माझं ऐका, खोकलीला एक हजेरीपत्रक द्या. सकाळी माझ्याआधी आलेली असते आणि सुट्टी मागत नाही. परवाना काय, बढती द्या तिला."

साहेब हसले नाहीत. त्यांनी निर्णय घेतला.

निर्णय असा: तपासणीच्या दिवशी कचेरीत एकही प्रिंटर जोडलेला असणार नाही. प्रिंटर नाही, तर परवाना नाही. तसं लेखी निवेदन तपासनिसाच्या हातात ठेवायचं. "आणि सही," साहेब खुंटीकडे वळून म्हणाले, "तुमची. यंत्रं तुमच्याकडे आहेत. तांत्रिक जबाबदार व्यक्ती म्हणून."

बैठकीनंतर केबिनमध्ये खुंटीनं मजकूर वाचला. "सदर कार्यालयातील एकही प्रिंटर सर्व्हरशी संलग्न नाही व नव्हता." त्याचं बोट "व नव्हता" पाशी थांबलं.

"साहेब, हे खोटं आहे."

"हे मराठी आहे," साहेब म्हणाले. "सही करा."

"नाही जमणार साहेब."

केबिनमध्ये राणीसरकारचा हिरवा दिवा तेवढा लुकलुकत होता. साहेबांनी आवाज खाली आणला, आणि त्यांचा आवाज खाली आला की समोरचा माणूसही खाली येतो असा आजवरचा अनुभव होता. "वरच्या मजल्यावर जुन्या नकाशांची खोली आहे. तिथं कोणीतरी बसायला हवं असं माझ्या मनात बरेच दिवस आहे. विचार करा. तपासणीच्या सकाळपर्यंत वेळ आहे."

वरची खोली म्हणजे काय, हे सगळ्यांना माहीत होतं. तिथं संगणक नव्हता, फोन नव्हता, खिडकीला काच होती पण ती रंगवलेली. शेवटचा जो तिथं बसला तो निवृत्तीआधी सहा महिने स्वतःशीच बोलायला लागला होता. खुंटीच्या नोकरीची दोन वर्षं उरली होती.

संध्याकाळी घरी त्यानं चहा अर्धा ठेवला, तेव्हा बायकोनं ओळखलं. ती एका दवाखान्यात परिचारिका. सकाळपाळी करून आली होती, पाय गरम पाण्याच्या बादलीत सोडून बसली होती.

"तोंड का पाडलंय? कोणी टांगलं आज काही?"

त्यानं सगळं सांगितलं. ती मध्ये एकदाही बोलली नाही, हे विशेषच.

"सही म्हणजे काय एवढं," तो स्वतःलाच समजावत म्हणाला. "दोन अक्षरं आणि एक फराटा. दोन वर्षांचा प्रश्न आहे."

"हो, फराटाच तो," ती म्हणाली. "मी रोज साठ-सत्तर फराटे मारते. अमक्या खाटेला अमकी गोळी, अमक्या वाजता. दिलेल्या गोळीवर सही करते. न दिलेल्या गोळीवर आजपर्यंत केली नाही. करायला सांगितलं नाही असं नाही हं." तिनं पाय बादलीबाहेर काढून टॉवेलवर ठेवले. "तुमचं तुम्ही बघा. पण त्या कचेरीत तुम्हाला नावानं कोणी हाक मारतं का?"

"नाही."

"मग नाव उरलंय कुठं? सहीतच ना? तेही देऊन टाका. म्हणजे उद्या तिथं नुसती खुंटी. टांगायला सोपं."

अर्धा राहिलेला चहा त्यानं गार झालेलाच पिऊन टाकला.

खुंटी शूर नव्हता, हे इथंच सांगून टाकलेलं बरं. तपासणीच्या आदल्या दुपारी प्रिंटर वर न्यायचा हुकूम आला, तेव्हा त्यानं ते मुकाट्यानं नेले. उचलणं म्हणजे सही नव्हे, अशी त्यानं मनाची समजूत घातली. अशा समजुती घालायला माणसाला कोणताही परवाना लागत नाही. निजलेलं पोर उचलावं तसं त्यानं एकेक उचललं, खोकलीला जिन्यावर दोनदा टेकवून दम दिला आणि घेतलाही. सात प्रिंटर जुन्या नकाशांच्या खोलीत गेले. तिथली एकुलती खुर्ची बघून तो क्षणभर थांबला, बसून बघावंसं वाटलं, पण बसला नाही.

आजोबा दारातून निघेनात. ते आले तेव्हा भिंत पाडून आत आणले होते. साहेब म्हणाले, "चादर घाला. वर कुंडी ठेवा. टेबल दिसलं पाहिजे." खुंटी म्हणाला, यांना बंद करता येणार नाही, शाईची तोंडं वाळतात. साहेब म्हणाले, चालू ठेवा, चादरीखाली कोण बघतंय. राहता राहिली राणीसरकार. तिला हलवायचं साहेबांच्या मनातही आलं नाही. ती त्यांच्या लेखी प्रिंटर नव्हतीच, हाताचाच भाग होती.

तपासणीच्या सकाळी साहेबांनी निवेदनाचा कागद पुढे सरकवला. "हं?"

"नाही साहेब," खुंटी म्हणाला. आवाज कापला, पण वाक्य पूर्ण झालं.

साहेबांनी त्याच्याकडे इतका वेळ पाहिलं की बाहेर ताईंनी आपलं काम थांबवलं. मग त्यांनी तो कागद टराटरा फाडला, स्वतःच्या संगणकासमोर बसले, खुंटीच्या हुद्द्याच्या जागी आपला हुद्दा टाकला आणि बटण दाबलं. राणीसरकारनं लाडात येऊन कागद बाहेर दिला. साहेबांनी झोकदार सही ठोकली. कागदाच्या तळाशी बारीक ओळ उमटलेली खुंटीला उलट्या बाजूनंही वाचता आली.

"साहेब, खालची ओळ एकदा..."

"तुम्ही आता बोलूच नका," साहेब म्हणाले. "दुपारी वर जाऊन बसायचं. ऑर्डर काढतो."

सांगायचं तेवढं सांगून झालं होतं. आता हुकूम न बोलण्याचा होता आणि तो पाळणं त्याला प्रथमच अवघड गेलं नाही.

तपासनीस आली. तिशीची, सपाट चपला, खांद्याला पिशवी, चेहऱ्यावर कंटाळा. साहेबांना तिचं वय बघून धीर आला. त्यांनी तिला स्वतः कचेरी दाखवली, खुंटी दोन पावलं मागे. तिनं संगणक मोजले. चौतीस. मग ती रिकाम्या टेबलांकडे बघत राहिली. धुळीनं करड्या पडलेल्या टेबलांवर मधोमध स्वच्छ चौकोन होते, एकाच मापाचे, आणि प्रत्येक चौकोनामागे भिंतीतून एक वायर लोंबत होती, तोंड उघडं टाकून.

"इथं काय होतं?"

"काही नाही," साहेब म्हणाले. "आम्ही स्वच्छतेवर भर देतो."

"चौकोनी?"

ताईंना ठसका लागला.

पुढे चादर घातलेलं, वर कुंडी ठेवलेलं सात फुटी काहीतरी होतं. "हे?" "टेबल. जुनं." साहेबांनी त्यावर प्रेमानं हात ठेवला. आता आजोबांची रीत अशी, की दर तासाला ते आपली शाईची तोंडं आपणच धुवून घ्यायचे. नेमका तो तास भरला. चादरीखालून आधी घरघर आली, मग आतलं काहीतरी या टोकापासून त्या टोकापर्यंत सरपटत गेलं आणि परत आलं. कुंडीतलं रोप मान हलवायला लागलं. साहेबांनी हात काढून घेतला.

"लाकूड आहे," ते म्हणाले. "हवेनं वाजतं."

"छान," तपासनीस म्हणाली. "निवेदन देता?"

तिनं कागद घेतला, आणि लोक वरून वाचतात तसा न वाचता खालून वाचायला घेतला. बहुधा तिच्या कामाचीच ती रीत असावी. बराच वेळ ती तळाशीच होती. मग तिनं मोठ्यानं वाचलं, कसलाही सूर न लावता, रेल्वेचं वेळापत्रक वाचावं तसं:

"आजची तारीख. नऊ वाजून बेचाळीस मिनिटं. पाठवणार, मुख्य व्यवस्थापक. मार्ग, मुख्य सर्व्हर. यंत्र, केबिन प्रिंटर एक." मग ती वर गेली. "सदर कार्यालयातील एकही प्रिंटर सर्व्हरशी संलग्न नाही व नव्हता."

कचेरीत आजोबा तेवढे चालू होते.

"ती ओळ," साहेब म्हणाले, "ती आपोआप येते."

"हो, म्हणूनच मी ती वाचते," ती म्हणाली. मग पहिल्यांदाच तिनं खुंटीकडे बघितलं. "यंत्रं तुम्ही सांभाळता? किती आहेत सर्व्हरवर?"

खुंटीनं साहेबांकडे बघितलं. साहेबांनी त्याच्याकडे बघितलं. वरच्या मजल्यावरची खोली त्या दोघांच्या मधोमध येऊन उभी राहिली.

"चौतीस संगणक," खुंटी म्हणाला. "नऊ प्रिंटर. दारावरचं बोटयंत्र एक. चव्वेचाळीस. प्रिंटर सात वर आहेत, एक चादरीखाली, एक केबिनमध्ये."

"आणि माणसं?"

"एकतीस. झाडणाऱ्या मावशींसकट. बोटयंत्रावर त्यांचंही बोट लागतं."

तपासनिसानं पेन थांबवलं. तिच्या चेहऱ्यावरचा कंटाळा जाऊन तिथं दुःखासारखं काहीतरी आलं. "एकतीस? आणि तुमच्याकडे परवाने छत्तीस?" ती साहेबांकडे वळली. "मग माणसामागे का नाही मोजत? प्रत्येक माणसाचा परवाना असला की तो कितीही यंत्रं वापरो, प्रिंटर वेगळे मोजावेच लागत नाहीत. पाच परवाने शिल्लक राहिले असते तुमचे. गेल्या महिन्यात करार नवा केलात, तेव्हा फक्त दुसऱ्या चौकोनात खूण करायची होती."

साहेबांच्या कपाळावर जे जमा होत होतं ते बघायला नको म्हणून ताई रोपाकडे बघत होत्या.

"याबद्दल कोणी सुचवलं नाही?" तपासनिसानं विचारलं.

खुंटीला दोन चिठ्ठ्या आठवल्या, तारखेसकट. प्रत्येक चिठ्ठीच्या तळाशी ती बारीक ओळही होती. पण उत्तर ताईंनी दिलं. "सुचवलं की. चर्चा करावी असं ठरलंय. चालू आहे."

निवेदनाचा कागद तपासनिसानं पिशवीत घातला. साहेबांनी तो परत मागितला, हसून मागितला, मग न हसता मागितला. ती म्हणाली, घेतलेला कागद परत देता येत नाही, कंपनीकडून लेखी विचारणा येईल. परवान्यांचा घोळ चौकोनातली खूण बदलून निस्तरता येईल, पण या कागदाचं उत्तर ज्यानं सही केली त्यालाच द्यावं लागेल. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. इथं तर हाताखाली वेळही छापलेली होती.

"मला आता खरी मोजणी हवी," ती म्हणाली. "मोजणाऱ्याच्या सहीनं."

खुंटी वर गेला, खोकलीला खाली आणली, वायर भिंतीत खोचली. तिनं ढास लागल्यासारखं केलं, सर्व्हरकडून आपला पत्ता मागून घेतला आणि कागद दिला. चव्वेचाळीस यंत्रं, एकतीस माणसं. त्यानं खिशातून पेन काढलं आणि सही केली, सव्वीस वर्षांपूर्वी नकाशाच्या कोपऱ्यात करायचा तशी, सावकाश, सगळं नाव, अक्षरं सुटी सुटी.

ताईंनी मान वाकडी करून ती वाचली. "अगोबाई. हे तुमचं नाव?"

"हो."

"बरं आहे की हो. चांगलं आहे." त्या जरा खजील झाल्या, मग नेहमीच्या आवाजात आल्या. "पण मी खुंटीच म्हणणार हं. आता या वयात नवं काही पाठ होत नाही."

"म्हणा की," तो म्हणाला.

वरच्या खोलीची ऑर्डर त्या दुपारी निघाली नाही. साहेब दार लावून कंपनीला द्यायच्या उत्तराचे मसुदे करत होते. महिन्याभरानं एक परिपत्रक मात्र निघालं. "माझ्या सूचनेनुसार यापुढे परवान्यांची मोजणी माणसामागे करण्यात येत आहे." त्यानंतर साहेबांनी खुंटीला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, की कागदाच्या तळाशी येणारी ती ओळ बंद करा, त्यानं शाई वाया जाते.

"करतो साहेब," खुंटी म्हणाला. "सुरू करताना लेखी होतं. बंद करायचंही लेखी द्या."

साहेबांनी तिथल्या तिथं दोन ओळी टाइप केल्या आणि बटण दाबलं. राणीसरकारनं कागद बाहेर दिला. साहेबांनी तो उचलला, सही करायला पेन टेकवलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा खालून वाचायला सुरुवात केली. वाचून झाल्यावर त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

"राहू द्या," ते म्हणाले.

ती ओळ अजून येते.